खारीच्या नावाचं दूध

वाटूरच्या रस्त्याला आडवा येतो म्हणून जमादारानं कडुलिंब तोडायला लावला, तेव्हा द्वारकाबाई त्याच्याच सावलीला खडी फोडत बसली होती. सगळ्या बायका उठल्या आणि आपापली पाटी, हातोडी, पाण्याचं गाडगं उचलून उन्हात सरकल्या. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. शिवारात काडी उरली नव्हती. निजाम सरकारनं दुष्काळी काम म्हणून रस्ता काढला होता आणि आसपासच्या वाड्यांवरची माणसं दिवसभर दगडाचे तुकडे करून संध्याकाळी पदरात ज्वारी घेऊन घरी जात होती. लिंबाखाली बसायला मिळायचं, एवढंच काय ते त्या कामातलं सुख. तेही आता गेलं.

झाड दुपार कलल्यावर पडलं. धुरळा खाली बसायच्या आतच बायका काटक्यांवर तुटून पडल्या. द्वारकाबाईनं एक फांदी ओढली, तर बेचक्यातून चिंध्या, सुतळी आणि कापूस यांचा एक बोळा खाली आला. एक खार त्याच्याभोवती चिरकत फिरत होती. माणसं एवढी जवळ असूनही ती पळेना. जमादाराच्या कुत्र्यानं तिला तिथंच मानेला धरलं आणि दोनदा झटकलं.

बोळ्यात दोन पिल्लं होती. एक चेपून गेलेलं. दुसरं जितं होतं. करंगळीएवढं, डोळे मिटलेले, अंगावर नावाला लव आणि पाठीवर पुसट पट्टे. तोंड उघडत होतं, पण आवाज निघत नव्हता.

"टाक ते तिकडं," शेजारची बाई म्हणाली. "कावळ्याचं पोट भरंल."

द्वारकाबाईनं टाकलं नाही. का टाकलं नाही, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लुगड्याच्या ओटीत तिनं ते खोवलं आणि परत दगडाशी जाऊन बसली. पिल्लू चेपू नये म्हणून एक पाय लांब करून बसावं लागलं. हातोडी बसत होती तिरकी, खडी निघत होती मोठी. जमादार आला, पायानं तिचा ढीग विस्कटला.

"ये बाई, पोटाला हात लावून काय बसून राह्यली? ही काय खडी झाली? सगळी पुन्ना फोड. बराबर एका मापाची पाहिजे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. द्वारकाबाईनं मान खाली घातली आणि फोडलेली खडी पुन्हा फोडायला घेतली.

घरी आली तेव्हा नंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पडूनच असायची. ही तिची एकुलती एक लेक, आष्टीला दिलेली. याआधी दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. या खेपेला सातवा लागायच्या आधीच सासूनं तिला एका लुगड्यानिशी माहेरी आणून सोडलं होतं. "साल वाईट हाये, तुमच्याच घरी राहू द्या," असं तुळजाबाई दारातूनच म्हणाली होती. "पर या बारीला लेकरू जितं घेऊन या म्हनावं. रिकाम्या हातानं किती बारी यायचं मानसानं?" हे ती नंदाच्या देखत बोलली. तेव्हापासून नंदा विचारल्याशिवाय बोलत नव्हती. भाकरी पुढं केली तर खायची, नाही केली तर मागायची नाही.

द्वारकाबाईनं ओटी सोडली आणि ते पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं.

नंदा उठून बसली. "माय, गार पडलंय गं हे!" तिनं दुसरं काही विचारलंच नाही. पिल्लू चोळीत छातीशी धरलं आणि त्याच्यावर दोन्ही हात झाकले.

रखमाजी खाणीवरून आला. त्याचं काम डोंगराच्या खाणीत पहारीनं दगड उकलायचं. तळहाताला भेगा पडून त्यात माती भरलेली. कोपऱ्यात काय चाललंय ते त्यानं बघितलं.

"मानसाला न्हाई आन् उंदराला?" तो म्हणाला.

"उंदीर न्हाई बा, खार हाये," नंदा म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी लेक आपणहून बोलली होती. रखमाजीनं बायकोकडे पाहिलं आणि पाय धुवायला बाहेर गेला. पाणी ओंजळभरच होतं.

त्यांनी पिल्लाला ज्वारीच्या कण्यांची पेज गाळून पाजून पाहिली. वात भिजवून तोंडाला लावली तर ते शिंकलं आणि पेज नाकातून आली. फुटक्या मडक्यात कापूस घालून, चुलीतला गरम गोटा चिंधीत गुंडाळून शेजारी ठेवला. सकाळी जीव होता, पण मान टाकली होती. दूध कुठून आणायचं? शेळी संक्रांतीच्या आधीच विकली होती. बैल चाऱ्यावाचून दावणीलाच मेला होता.

कामावर जाता जाता द्वारकाबाई वाटूरच्या मदनलाल शेठच्या घरी वळली. सुगीच्या दिवसांत ती त्यांचं धान्य निवडायला, पाखडायला जायची. शेठाणी चंदनबाई मागच्या पडवीत गाईजवळ उभी होती. मारवाडातून लग्न होऊन आलेली. केस पिकले तरी बोलण्यात तिकडचा हेल राहिलेला.

"खारीचं पिल्लू?" चंदनबाईनं विचारलं. "डोळे उघडले?"

"न्हाई, शेठानी."

"मंग नुसतं दूध नको देऊ. आधं पानी घाल. कोमट करून थेंब थेंब दे. घाई केली तर छातीत जातं आणि मरतं. आणि पाजून झालं की ओल्या चिंधीनं पोटाखाली पुसत जा. आई चाटते ना, तसं. नाही पुसलं तर मुतत नाही बिचारं." तिनं पितळी लोटीत दूध ओतलं. "आमच्या माहेरी परसात लई खारी. माझ्या दादीनं दोन वाढवल्या होत्या. रोज येत जा, द्वारकाबाई. खारीचं दूध माझ्याकडून. जीवदया आहे, नाही म्हणू नये."

लोटी पदराखाली झाकून द्वारकाबाई उलटी घरी पळाली आणि तिथून पुन्हा कामावर. उशीर झाला म्हणून जमादारानं तिला सबंध दिवस रस्त्याच्या उन्हाच्या कडेला बसवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

पिल्लानं दूध घेतलं. पहिल्या दिवशी वातीवरचे चार थेंब, मग जरा जास्त. नंदा दिवसभर तेच करायची. गोटा थंड झाला की चुलीत घालायचा, गरम झालेला चिंधीत गुंडाळायचा, गालाला लावून बघायचा. वात वळायची. पाजायचं, पुसायचं, कापूस बदलायचा. त्याच्यामागं ती स्वतः उठू लागली, खाऊ लागली, केस विंचरू लागली. आईनं भाकर वाढली तर म्हणायची, "माय, तू खाल्ली का?" ती खारीशी बोलायची. काय बोलायची ते द्वारकाबाईला बाहेरून नीट ऐकू यायचं नाही. उखळाजवळ उभी राहून ती नुसता आवाज ऐकायची.

एके सकाळी पिल्लाचा एक डोळा उघडला आणि संध्याकाळपर्यंत दुसरा. मोहरीएवढे काळे डोळे. त्या दिवशी रखमाजीनं जवळ बसून आपलं भेगाळलेलं बोट पुढं केलं. पिल्लानं ते दोन्ही पायांनी धरलं आणि चाटलं.

"मीठ लागतंय त्याला घामाचं," तो म्हणाला. बोट मात्र बराच वेळ त्यानं काढून घेतलं नाही.

सुईण सगुणाबाई नंदाचं पोट बघायला यायची. तिला ते आवडलं नाही.

"द्वारके, दोनजीवाच्या बाईनं रानातलं जनावर उराशी धरू न्हाई. बिलकुल न्हाई. तू शानी आन् तुला कळंना?"

"तोंड तरी उघडलं तिचं, मावशी," द्वारकाबाई म्हणाली. "मुकीच झाल्ती पोरगी. राहू दे तेवढं."

 जाताना मडक्याकडे पाहून सगुणाबाईनं नाक मुरडलं.

वैशाख आला. ऊन असं पडायचं की दुपारी हातोडीचा दांडा हाताला पोळायचा. वाडीच्या विहिरीत तळाला चिखल राहिला. बायका खाली उतरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. एक दिवस द्वारकाबाई खडीवर असताना वाडीवरची एक बाई धापा टाकत रस्त्यावर आली. "चल जल्दी! नंदी पान्याला उतरल्ती विहिरीत. पोटात कळा उठल्या तिच्या."

दोन महिने बाकी होते. घागर रिकामी म्हणून पोरगी कुणाला न सांगता उतरली होती.

दिवस मावळायच्या आत मोकळी झाली. मुलगी. सगुणाबाईनं तिला फडक्यात घेतलं आणि उजेडाला धरलं. मांजराच्या पिल्लासारखं अंग, कातडी पातळ, आतल्या शिरा दिसत होत्या. रडली नाही. नुसती कण्हली.

"सातव्यातलं जगतंय कदी कदी," सगुणाबाई म्हणाली. ती द्वारकाबाईकडे बघत नव्हती.

मुलीला छातीला लावून पाहिलं. ओढायची ताकद नव्हती तिच्यात, आणि नंदाला दूधही उतरलं नव्हतं. मग द्वारकाबाई उठली. काय करायचं ते तिला कुणाला सांगावं लागलं नाही. तिनं टोपलं घेतलं, त्यात कापूस पसरला. गोटे गरम केले, चिंधीत गुंडाळले, दोन्ही अंगांना ठेवले. नवी वात वळली. सकाळच्या लोटीत खारीचं दूध थोडं उरलं होतं. त्यात पाणी घालून तिनं ते कोमट केलं आणि वातीचं टोक नातीच्या ओठाला लावलं. ओठ हलले. घशात एक थेंब गेला. तो गेलेला तिघींनीही पाहिला.

मडकं आणि टोपलं एकाच भिंतीला शेजारी शेजारी ठेवलेलं. खार आता मडक्याच्या काठावर चढून बसत होती.

दुसऱ्या सकाळी द्वारकाबाई चंदनबाईच्या पडवीबाहेर उभी राहिली. घरात बाळंतपण झालेलं, म्हणजे विटाळ. सुवेरातल्या बाईला शेठाणी स्वयंपाकघरातलं दूध देणार नाही, हे तिला ठाऊक होतं. देवघराला लागूनच ते घर. आणि दुसरंही होतं. खारीसाठी दूध नेताना तिची मान ताठ असायची, तो शेठाणीचा धर्म होता. लेकरासाठी हात पसरायचा म्हणजे भीक झाली असती.

"खार कशी आहे?" चंदनबाईनं विचारलं.

"बरी हाये. डोळे उघडले. आता लई पेती. जरा जास्ती लागतंय."

"खार आहे का रेडकू?" चंदनबाई हसली आणि लोटी काठोकाठ भरली. आपल्या हातानं तिनं ती द्वारकाबाईच्या हातात दिली. द्वारकाबाईनं ती दोन्ही हातांनी धरली, दूध सांडू दिलं नाही.

पुढच्या दिवशीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. रोज शेठाणी खारीचं विचारायची आणि द्वारकाबाई नातीचं सांगायची. "काल रातच्याला नीट प्याली." "आज जरा सुस्त हाये." "अंग गरम ऱ्हाईना तिचं." चंदनबाई म्हणायची, "उन्हात ठेव थोडी सकाळच्या. जगेल, काळजी नको करू."

द्वारकाबाईनं काम सोडलं होतं. रखमाजी एकटाच जात होता आणि त्याच्या एकट्याच्या ज्वारीत तिघं भागवत होती. ती आणि तो अर्धी अर्धी भाकर खायचे, नंदाला सबंध द्यायचे. पण टोपल्यातलं लेकरू वाढत नव्हतं. वातीवरचा थेंब कधी आत जायचा, कधी कडेनं गळायचा. एकदा नाकातून दूध आलं आणि तोंड निळं पडलं. द्वारकाबाईनं त्याला पालथं धरून पाठीवर दोन बोटांनी थोपटलं, तेव्हा श्वास परत आला. मडक्यातली खार मात्र वात दिसली की धावत यायची, दोन्ही पायांनी धरून चोखायची, अजून मागायची.

"तिला कमी घाल," रखमाजी एकदा म्हणाला.

"ती एवढंसं पेते, बा," नंदा म्हणाली. "तेवढ्यानं काय व्हनार हाये?"

तेवढ्यानं काही होणार नव्हतं, हे खरंच होतं. लोटीत दूध उरत होतं. पिणाऱ्याच्या अंगातच ते जात नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी द्वारकाबाई लोटी घेऊन आली तर दारात रखमाजी उभा. कामावरून मधेच कसा आला, हे तिनं विचारलं नाही. त्याच्या हातात खाणीतली पहार होती. सगुणाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. नंदा मांडीवर टोपलं घेऊन एका हातानं गोटा चाचपत होती.

"गोटा गरमच हाये, माय," ती म्हणाली. "मी आत्ताच बदलल्ता."

शेताच्या बांधाखाली जमीन अशी वाळलेली की पहार वाजायची. एवढासा खड्डा करायला रखमाजीला दुपार पुरली नाही. मधेच त्याच्या हाताच्या भेगा उकलल्या आणि पहारीला रक्त लागलं. द्वारकाबाई फडक्यातलं ओझं घेऊन उभी होती. ओझं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतंच. उलट हात हलकाच राहिला म्हणून ती पुन्हा पुन्हा फडकं घट्ट धरत होती.

घरी लोटी तशीच राहिली होती. नंदा म्हणाली, "ते दूध खारीला पाज, माय. नासून जाईल."

द्वारकाबाईचा हात पुढं झाला नाही. नंदानंच पाजलं.

दोन दिवसांनी नंदाची छाती दगडासारखी झाली. अंगात ताप भरला. दूध उतरलं होतं. लुगडं भिजत होतं, चोळी भिजत होती. सगुणाबाई म्हणाली, पिळून भिंतीवर टाक, ओल्या फडक्यानं बांधून टाक, आपोआप आटंल. नंदानं एकदा भिंतीवर टाकलं. पांढरे ओघळ मातीत मुरत गेले, ते ती बघत बसली. मग तिनं कोपऱ्यातली वाटी ओढून घेतली.

द्वारकाबाई सरपण घेऊन आत आली तेव्हा नंदा वाटीत वात भिजवत होती आणि खार तिच्या गुडघ्यावर बसून पीत होती. शेपटी आता झुपकेदार झालेली. नंदाच्या तोंडावर ना रडू होतं ना हसू. द्वारकाबाईनं सरपण आवाज न करता खाली ठेवलं आणि बाहेर निघून गेली. ओसरीत सगुणाबाई उभी होती. तिनंही पाहिलं होतं.

ते विहिरीवर गेलं. विहिरीवरून बाजारात गेलं आणि बाजारातून आष्टीला.

त्याच्याआधी ते चंदनबाईच्या कानावर गेलं. द्वारकाबाई लोटी परत द्यायला गेली, तर शेठाणी पडवीच्या पायरीवरच उभी होती.

"घरात लेकरू होतं?" चंदनबाईनं विचारलं.

द्वारकाबाईनं लोटी दुसऱ्या हातात घेतली.

"मला सांगितलं का नाही? खार, खार म्हणून नेत राहिली. अगं, लेकरासाठी मी गाय बांधली असती तुझ्या दारात!"

"सुवेर होतं, शेठानी," द्वारकाबाई म्हणाली. "तुमी दिलं असतं का हातात?"

 चंदनबाईचे डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते. मग तिची नजर द्वारकाबाईच्या हातातल्या लोटीवर गेली. इतके दिवस ती सुवेरातल्या घरात होती, आता सुतकातल्या घरातून आली होती.

"ठेव तिथं खाली," ती हळूच म्हणाली. "मी विस्तवातून काढून घेते."

द्वारकाबाईनं लोटी जमिनीवर ठेवली. पुन्हा ती त्या पडवीकडे गेली नाही.

ज्येष्ठ लागला तरी आभाळ कोरडं होतं. नंदाची सासू, म्हणजे द्वारकाबाईची इहीणबाई तुळजाबाई, गाडीत बसून आली. आत आली नाही. ओसरीवर घोंगडी टाकली, तिच्यावर टेकली. पाणी दिलं ते तिनं तोंडाला लावलं नाही.

"पोरगी झाल्ती म्हनं."

"व्हय, इहीणबाई. सातव्यातली," द्वारकाबाई म्हणाली.

"पोरगी तर पोरगी. जिती असती तर नेली असती मी." तुळजाबाईचा आवाज चढला नाही. "पर लोक काय म्हनून राह्यले ते ऐकलं का तुमी? हिच्या घरात जनावर वाढतंय आन् लेकरू मरतंय. अंगावरचं दूध पाजती म्हनं त्याला. आष्टीच्या बाजारात बायका तोंडावर विचारत्यात मला. तोंड लपवून फिरायची येळ आली."

रखमाजी उठला आणि तिच्या पायाशी बसला. त्याच्याहून ती वयानं लहान होती. "चुकी झाली, इहीणबाई. पोरीचं डोकं ठिकानावर न्हाई. तुमी पदरात घ्या."

"मी कुटं नको म्हनलं?" तुळजाबाईनं पाय मागं घेतले. "ते आदी घराबाहेर काढा. मंग अमावस्येच्या आत भुजंगला गाडी घेऊन धाडते. ते घरात असंस्तर माझा लेक या दारात पाय ठिवनार न्हाई."

नंदा आतल्या दारात उभी होती. खार तिच्या खांद्यावरून पदराखाली शिरली आणि दुसऱ्या खांद्यावर निघाली. तुळजाबाईनं ते पाहिलं आणि मान फिरवली.

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी नंदा विहिरीवर गेली, तेव्हा द्वारकाबाईनं खारीला हाक मारली. ती तिच्याही हाताला सरावली होती. पळत आली, बोटं हुंगली, मनगटावर चढली. द्वारकाबाईनं तिला ओटीत घातलं आणि नाल्याची वाट धरली.

नाला कोरडा होता. गोटे पांढरे पडलेले. काठावर बाभळी होत्या, त्यांना पाला नव्हता, काटेच होते. तिनं एका बाभळीच्या खोडावर खारीला ठेवलं. खार वर चढली नाही. उलटी फिरून लुगड्यावर उडी मारली आणि खांद्यापर्यंत आली. द्वारकाबाईनं तिला धरून पुन्हा खोडाला लावलं. ती पुन्हा आली. तिला वाटलं असावं, खेळ चाललाय. तिसऱ्यांदा द्वारकाबाईनं हात झटकला. खार गोट्यांवर आपटली, उठली आणि पुन्हा तिच्याच पायाकडे धावली.

मग द्वारकाबाईनं ढेकूळ उचललं.

ढेकूळ लागलं नाही. शेजारी फुटलं. खार थबकली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि चिरकू लागली. एवढा मोठा आवाज तिनं घरात कधी काढला नव्हता. द्वारकाबाईनं आणखी एक ढेकूळ मारलं. तेव्हा ती बाभळीवर चढली. वर आभाळात एक शिकरा फिरत होता. द्वारकाबाईनं वर पाहिलं नाही. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि चालू लागली, आणि चिरकणं ऐकू येईनासं होईपर्यंत थांबली नाही.

नंदा पाणी घेऊन आली. तिनं मडक्यात पाहिलं, आढ्यावर पाहिलं, उतरंडीमागं पाहिलं. आईकडे पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली.

अमावस्या आली. रखमाजीनं त्या दिवशी कामाला खाडा केला, ओसरी झाडली, उसनवारीनं गूळ आणून ठेवला. दिवसभर तो वाटेकडे बघत बसला. धुरळा उठला की उभा राहायचा. गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग आठवडी बाजाराहून तो परतला, तो ओसरीच्या पायरीवरच खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भुजंगनं दुसरी केली," तो म्हणाला. "आष्टीचाच मानूस भेटला. तो सांगू लागला."

"कवा?" द्वारकाबाईनं विचारलं.

"लगीन आत्ता झालं." तो टोपीची घडी करत राहिला. "बोलनी पाडव्यालाच झाल्ती म्हनं. पोरीला हितं आनून घातली ना, त्याच्या पाठोपाठ."

पाडव्याला लिंब उभा होता. खार अजून जन्मलीसुद्धा नसेल. द्वारकाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, कारण भाकर करपत होती. आतून नंदाची हालचाल ऐकू आली, पण ती बाहेर आली नाही.

सकाळी द्वारकाबाई पुन्हा खडीच्या कामाला निघाली, तर नंदा तिच्यामागं उभी. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात बापाची जुनी हातोडी.

"तुला झेपायचं न्हाई, नंदे. अंग कच्चं हाये अजून."

"बसून तरी किती खाऊ?" नंदा म्हणाली.

जमादारानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोट करून जागा दाखवली. रस्ता बराच पुढं सरकला होता. आता आसपास एकही झाड नव्हतं. दोघी समोरासमोर बसल्या. नंदाचा पहिला घाव बोटावर बसला. तिनं बोट तोंडात धरलं, थुंकली आणि पुन्हा हातोडी उचलली. दुपारपर्यंत तिच्या छातीवर चोळी दोनदा भिजली आणि दोनदा वाळली. पांढरे डाग तेवढे राहिले. शेजारच्या बायका बघत होत्या. द्वारकाबाईनं आपली पाटी सरकवून मधे आड केली.

भाकरीच्या सुट्टीत नंदानं विचारलं, "कुटं सोडलं तिला?"

"नाल्याकडं."

नंदानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. हातातच चुरत राहिली.

"पानी पाजल्तं का जाताना?"

द्वारकाबाई लेकीकडे बघू शकली नाही. समोर तापलेली खडी होती, तिच्याकडे बघत ती म्हणाली, "पाजल्तं. नाल्यातलं."

नंदानं मान हलवली. त्याच कोरड्या नाल्यातून सकाळी त्या दोघी कामाला आल्या होत्या.

जमादारानं हाक दिली, तशी दोघींनी हातोड्या उचलल्या.